चार मीटर की किती ग्रॅम? मोटारींवरील कर, कार्बन आणि विजेचा उगम

वस्तू आणि सेवा कर परिषदेची ५६वी बैठक ३ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत झाली. मोटारींवरील कराची फेरमांडणी हा त्या बैठकीतील सर्वाधिक गाजलेला निर्णय ठरला. त्याच बैठकीत कोळशावरील प्रतिटन ४०० रुपयांचा उपकरही संपुष्टात आला. मात्र सणासुदीच्या तोंडावर मोटारी स्वस्त होणार या वार्तेपुढे त्याची चर्चा फारशी झाली नाही. वास्तविक हे दोन्ही निर्णय एकाच प्रश्नाशी निगडित आहेत. रस्त्यावर धावणाऱ्या वाहनामुळे वातावरणात जाणाऱ्या कार्बनची किंमत कोणाकडून, कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या मापाने वसूल करायची, हा तो प्रश्न होय. युरोपातील अनेक देशांनी गेल्या पाव शतकात त्याची उत्तरे शोधली, काही बदलली, काही मागे घेतली. भारताने मोटारींवर थेट कार्बनआधारित कर अद्याप लावलेला नाही. मात्र विजेरी वाहनांना दिलेल्या सवलतींमुळे या वादात भारतही उतरला आहे.

मोजपट्टीचा कर

२२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार, चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंत क्षमतेच्या पेट्रोल मोटारींवर, तसेच याच लांबीच्या व १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर १८ टक्के कर आहे. यापेक्षा मोठ्या मोटारींवर तो ४० टक्के असून विजेरी मोटारींवर ऑगस्ट २०१९ पासून असलेला ५ टक्के दर कायम आहे. त्यापूर्वी २८ टक्के कर आणि त्यावर १ ते २२ टक्के भरपाई उपकर अशी रचना होती. छोट्या पेट्रोल मोटारीवरील भार २९ टक्क्यांवरून १८ वर आला आणि सर्वांत मोठ्या एसयूव्हीवरील ५० टक्क्यांवरून ४० वर. याचा अर्थ, कमी इंधन पिणारी गाडी आणि अधिक इंधन पिणारी गाडी या दोघींनाही जवळपास सारखीच सूट मिळाली.

लांबी आणि इंजिनाची क्षमता ही मापे २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातून आली. त्या वर्षी छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले आणि छोटी मोटार कशाला म्हणावे हे मोजपट्टीने ठरले. परिणाम शोरूममध्ये आजही दिसतो. देशातील अनेक लोकप्रिय मोटारींची लांबी नेमकी ३,९९५ मिलिमीटर असते. सेडान मोटारींचा मागचा भाग छाटल्यासारखा दिसू लागला, तोही या पाच मिलिमीटरच्या हिशेबामुळेच. करामुळे उत्पादक आपले आराखडे बदलतात, याचा याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही. मात्र लांबी हे कार्बनचे माप नव्हे. चार मीटरच्या आतील जड, उंच गाडी एखाद्या हलक्या, सडपातळ पण सव्वाचार मीटरच्या मोटारीहून अधिक इंधन जाळू शकते. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, इंधनाची मोठी बचत करणारी हायब्रिड मोटारही लांबीची मर्यादा ओलांडताच ४० टक्क्यांच्या गटात जाते, तर अडीच टनांची, कोटीच्या घरातील विजेरी मोटार ५ टक्क्यांत बसते.

केंद्राकडे कार्बनचे मापन नाही, असे मात्र नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे इंधन-कार्यक्षमतेचे निकष, ज्यांना ‘कॅफे’ म्हटले जाते, ते २०१७-१८ पासून लागू आहेत. उत्पादकाने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींचे सरासरी उत्सर्जन किलोमीटरमागे पहिल्या टप्प्यात सुमारे १३० ग्रॅम आणि २०२२-२३ पासून सुमारे ११३ ग्रॅम असावे, अशी ही चौकट आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तिला दंडाची जोड मिळाली. निकष १०० किलोमीटरमागे ०.२ लिटरपर्यंत चुकल्यास वाहनामागे २५ हजार रुपये आणि त्याहून अधिक चुकल्यास ५० हजार रुपये, असा हा दंड आहे. मात्र यातही एक मेख आहे. गाडी जितकी जड, तितकी उत्सर्जनाची मुभा अधिक. शिवाय उत्पादकाने एक विजेरी मोटार विकली तर सरासरी काढताना ती तीन मोटारींइतकी धरली जाते. एप्रिल २०२७ पासून प्रस्तावित असलेल्या तिसऱ्या टप्प्यात छोट्या, हलक्या मोटारींना वेगळी सवलत असावी काय, यावरून उत्पादकांतच उघड मतभेद झाले आहेत. ग्राहकाला यातले काहीच दिसत नाही. तो पाहतो ती रस्त्यावरची किंमत आणि त्यातील कर.

ब्रिटन व आयर्लंड : एका वायूचा पाठलाग

कार्बनआधारित वाहनकराचा सर्वाधिक अभ्यासलेला प्रयोग ब्रिटनचा आहे. १ मार्च २००१ पासून नोंदणी होणाऱ्या मोटारींचा वार्षिक कर तेथे किलोमीटरमागील कार्बन डायऑक्साइडच्या ग्रॅमवर ठरू लागला. वर्षभरात कंपनीकडून कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या मोटारीवरील प्राप्तिकरही त्याच मापाशी जोडला गेला. आयर्लंडने जुलै २००८ मध्ये नोंदणी कर आणि वार्षिक कर दोन्ही या पद्धतीवर आणले. हेतू साध्य झाला. नव्या मोटारींचे कागदोपत्री उत्सर्जन झपाट्याने उतरले.

पण ते उतरण्याचा सोपा मार्ग डिझेलमधून जात होता. डिझेल इंजिन तेवढ्याच अंतरासाठी कमी इंधन घेते, त्यामुळे किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइडही कमी सोडते. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण मात्र ते अधिक सोडते आणि हे घटक हवामानाआधी फुप्फुसांवर आघात करतात. कराच्या तक्त्यात त्यांना जवळजवळ स्थान नव्हते. २००० साली ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या सात नव्या मोटारींपैकी एक डिझेलची होती. २०१२ पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. आयर्लंडमध्ये २००७ साली दहापैकी तीनहूनही कमी नव्या मोटारी डिझेलवर चालणाऱ्या होत्या, चारच वर्षांत त्या सात झाल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर नोटीस बजावली आणि चाचणीच्या वेळीच प्रदूषण कमी दाखवणारी संगणकीय युक्ती जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख वाहनांत बसविली असल्याचे उघड झाले. प्रयोगशाळेतील आकडा आणि रस्त्यावरील वास्तव यांतील तफावतीचा मुद्दा त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही. युरोपात २०१७ पासून नवी, अधिक कठोर चाचणीपद्धत आली आणि आयर्लंडने २०२० मध्ये नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर वेगळी आकारणी सुरू केली.

भारतातही डिझेल मोटारींची लाट येऊन गेली, परंतु तिचे कारण निराळे होते. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत झाले नाहीत. मधल्या काळात नव्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या झाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रात २००० सीसी व त्यावरील डिझेल मोटारींच्या नोंदणीला मनाई केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये शोरूम किमतीच्या १ टक्का पर्यावरण शुल्काच्या अटीवर ती उठविली. वाहनाच्या प्रदूषणाशी थेट जोडलेली आकारणी देशात आली ती अशी, न्यायालयाच्या दारातून. सरकारी बाजूने, जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुन्या वाहनांवरील हरित कराचा प्रस्ताव मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्याचा आधार वाहनाचे वय हा होता, उत्सर्जनाचे मोजमाप हा नव्हता.

विजेरी मोटारीचे धुराडे

विजेरी मोटारीला धूर सोडणारी नळी नसते, म्हणून ग्रॅमवर आधारित कुठल्याही कराच्या तक्त्यात तिचा आकडा शून्य लागतो. नॉर्वेसारख्या देशात हे शून्य बरेचसे खरे आहे. तेथील सुमारे नव्वद टक्के वीज धरणांतून येते. भारतात दहापैकी सातच्या आसपास युनिटे कोळशातून येतात. येथे मोटारीचे धुराडे चंद्रपूर, कोरबा किंवा सिंगरौलीच्या औष्णिक केंद्रावर असते.

हा हिशेब ढोबळमानाने असा मांडता येतो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरमागे १८ किलोमीटर जाणारी मोटार त्यामुळे किलोमीटरला सुमारे १२८ ग्रॅम सोडते. तेल उपसण्यापासून शुद्धीकरणापर्यंतचा खर्च धरला तर दीडशेच्या जवळपास. मध्यम आकाराच्या विजेरी मोटारीला १०० किलोमीटरसाठी चार्जिंगमधील नुकसानीसह १५ युनिटे लागतात असे धरू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नोंदींनुसार देशातील सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे किलोमीटरला १०५ ग्रॅम आणि वीजवाहिन्यांतील गळती धरली तर १२५ च्या घरात. लिटरला २५ किलोमीटर देणारी हायब्रिड मोटार याच पद्धतीने ११० ग्रॅमच्या आसपास येते. बॅटरी तयार करतानाचे उत्सर्जन वेगळेच.

या आकड्यांवर बोट ठेवून विजेरी वाहनांवरील सवलती म्हणजे श्रीमंतांना दिलेली भेट आहे, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो आजच्या तारखेपाशी थांबतो. मोटार पंधरा वर्षे रस्त्यावर राहते. पेट्रोलच्या मोटारीचे उत्सर्जन त्या काळात कमी होत नाही, झाल्यास वाढते. विजेरी मोटारीचे उत्सर्जन मात्र तिच्या मालकाने काहीही न करता, विजेच्या जाळ्यात सूर्य आणि वारा यांचा वाटा वाढेल तसे घटत जाते. २०२३ च्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यात २०३१-३२ अखेर युनिटमागील उत्सर्जन ०.४३ किलोवर येईल असा अंदाज आहे. तो खरा ठरला तर वरील मोटारीचा आकडा गळतीसह ८० ग्रॅमच्या आत जाईल आणि हायब्रिडशी असलेली बरोबरी संपेल. तो खरा ठरला नाही, तर आज दिलेल्या सवलतीचे समर्थन कठीण होईल. म्हणजे मोटारीवरील ५ टक्के कर ही एका अर्थी देशाच्या वीजधोरणावर लावलेली पैज आहे.

शहराच्या हवेचा लाभ मात्र या पैजेवर अवलंबून नाही. कोळशाच्या विजेवर धावणारी मोटारसुद्धा सिग्नलपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात धूर सोडत नाही. औष्णिक केंद्राच्या छायेत राहणाऱ्यांना हे फारसे सांत्वन देणारे नाही, हेही तितकेच खरे.

निम्मी क्षमता, निम्मी वीज नव्हे

जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत अजीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर पोहोचला. २०३० साठी ठरविलेले हे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले. नवीकरणीय ऊर्जेवरील वाद बहुतेक वेळा येथेच अडखळतो. क्षमता निम्मी झाली, वीज निम्मी झाली नाही. सौर पट्ट्या रात्री आणि ढगाळ दिवशी स्वस्थ असतात. वर्षभराची सरासरी काढली तर त्या पूर्ण क्षमतेच्या पाचव्या हिश्शाएवढीच वीज देतात. वारा मुख्यतः पावसाळ्यात मेहेरबान. दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी सातनंतर टंचाई, असे चित्र आता रोजचे झाले आहे. राजस्थानात तर वाहून नेणाऱ्या वाहिन्या वेळेत उभ्या न राहिल्याने तयार सौर वीज सोडून द्यावी लागली.

वाहनकराशी याचा संबंध अगदी निकटचा आहे. नोकरदार मोटारमालक रात्री घरी परतल्यावर चार्जिंगची पिन लावतो आणि त्या वेळी जाळ्यातील वीज प्रामुख्याने कोळशाची असते. तीच मोटार दुपारी कार्यालयाच्या वाहनतळावर चार्ज झाली तर तिचे खरे उत्सर्जन पुष्कळच खाली येते. खरेदीच्या वेळी एकदाच आकारला जाणारा कर हा फरक टिपू शकत नाही. वीजदर टिपू शकतो. केंद्राने २०२३ मध्ये सुधारलेल्या ग्राहक हक्क नियमांत सूर्यप्रकाशाच्या तासांत दर १० ते २० टक्के कमी आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत तितकाच जास्त ठेवण्याची तरतूद आहे. एप्रिल २०२५ पासून ती शेती वगळता इतर ग्राहकांना लागू व्हावयाची होती, पण स्मार्ट मीटर बसल्याखेरीज तिला अर्थ नाही. साठवणुकीची दुसरी वाट डोंगरातून जाते. नगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प जादा विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवतो आणि टंचाईच्या वेळी खाली सोडतो. सह्याद्रीत अशा आणखी प्रकल्पांची आखणी सुरू आहे.

स्वच्छ विजेलाही किंमत मोजावी लागते. राजस्थान आणि गुजरातमधील उघड्या माळांवर वीजवाहिन्यांना धडकून माळढोक पक्षी मरत असल्याने सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्या वाहिन्या भूमिगत करण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये हवामान बदलापासून संरक्षणाचा हक्कही नागरिकांना आहे असे नमूद करून तो आदेश शिथिल केला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला.

कोळशावरील उपकर गेला तेव्हा

आता त्या दुर्लक्षित निर्णयाकडे. १ जुलै २०१० रोजी कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर सुरू झाला. तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. वजनावर आकारला जात असल्याने देशातील कार्बन कराच्या सर्वांत जवळची आकारणी तीच होती. २०१७ नंतर त्याचा पैसा स्वच्छ ऊर्जेऐवजी राज्यांच्या भरपाईकडे वळला, तरी वजनाचा आधार टिकून होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द होऊन कोळशावरील वस्तू आणि सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. आता कर वजनावर नाही, किमतीवर आहे.

फरक साध्या गणिताने कळतो. करापूर्वी १,३०० रुपये टन दराच्या कोळशावर पूर्वी ५ टक्क्यांचे ६५ आणि उपकराचे ४०० असे ४६५ रुपये पडत. आता १८ टक्क्यांनी २३४ रुपये पडतात. ८,००० रुपये टनाच्या आयात कोळशावर पूर्वी ८०० रुपये होते, आता १,४४०. सुमारे ३,०७७ रुपयांपेक्षा स्वस्त असलेल्या प्रत्येक टनावरील भार कमी झाला आहे. स्वस्त कोळसा म्हणजे बहुधा अधिक राखेचा, कमी उष्मांकाचा देशी कोळसा आणि तेवढ्याच विजेसाठी तो अधिक जाळावा लागतो. वीज स्वतः वस्तू आणि सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने केंद्रांना या कराची वजावट मिळत नाही. तो वीजनिर्मितीच्या खर्चात जमा होतो. देशी कोळसा व पर्यायाने वीज स्वस्त व्हावी आणि आयातीला आळा बसावा, हे निर्णयामागील समर्थन आपल्या जागी योग्य आहे. सौर आणि पवन उपकरणांवरील कर त्याच बैठकीत १२ वरून ५ टक्के झाला, ही दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. तरीही, विजेरी मोटारीला कार्बनच्या नावाने सवलत देणाऱ्या व्यवस्थेने तिच्या विजेतील कार्बनवरचा वजनी कर त्याच दिवशी सोडून द्यावा, यातील विसंगती लपत नाही.

कर कोणाचा?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरील कर राज्यसूचीच्या ५७व्या नोंदीत आहे आणि त्या कराची तत्त्वे समवर्ती सूचीच्या ३५व्या नोंदीत. म्हणजे नोंदणीच्या वेळचा कर ग्रॅमवर आकारायचा, असे तत्त्व केंद्र घालून देऊ शकते, दर मात्र राज्यांनी ठरवायचे. प्रत्यक्षात प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी आहे. महाराष्ट्रात एकरकमी कर इंधनाचा प्रकार आणि किंमत यांवर ठरतो. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिड मोटारींना नोंदणी करातून सूट दिली; इतर अनेक राज्यांनी ती दिलेली नाही.

महसुलाची चिंताही दिसू लागली आहे. कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांवरील विजेरी मोटारींवर १० टक्के आजीवन कर लावला. महाराष्ट्राच्या मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेरी मोटारींवर ६ टक्के कर सुचविण्यात आला आणि त्याच महिन्यात तो मागे घेण्यात आला. कर ज्या गोष्टीवर आहे ती गोष्टच कमी करणे हे त्याचे ध्येय असेल, तर यशाबरोबर तिजोरी रिकामी होणे अटळ असते. नॉर्वेत २०२४ साली विकलेल्या दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेरी होत्या. तेथे २०२३ पासूनच महागड्या विजेरी मोटारींवर मूल्यवर्धित कर आणि वजनावर आधारित आकारणी आली. फ्रान्सने २०२२ मध्ये जड मोटारींवर वजनाचा दंड सुरू केला. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून विजेरी मोटारींना वार्षिक कराच्या कक्षेत आणले आणि एप्रिल २०२८ पासून त्यांच्याकडून मैलामागे ३ पेन्स घेण्याचे जाहीर केले आहे. ज्या देशाने ग्रॅमचा कर सुरू केला, तोच आता अंतराच्या कराकडे निघाला आहे.

भारतात या चर्चेत मोटारीच अधिक दिसतात, हाही एक दृष्टिदोष म्हणावा लागेल. देशातील बहुसंख्य वाहने दुचाकी आहेत, आणि विजेवर सर्वांत वेगाने गेलेले वाहन म्हणजे तीनचाकी. आज विकल्या जाणाऱ्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक विजेरी आहेत. तो बदल घडवताना ई-रिक्षाचालकाने किलोमीटरमागील ग्रॅम पाहिले नाहीत, दिवसाअखेर हाती उरणारी रक्कम पाहिली.

ग्रॅमवर आधारित कर येथे आणायचा झाल्यास पहिली अडचण अगदी कारकुनी स्वरूपाची आहे. ब्रिटनमधील मोटारीच्या नोंदणीपत्रावर किलोमीटरमागील कार्बन डायऑक्साइडचा आकडा छापलेला असतो. भारतीय नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाची क्षमता, इंधनाचा प्रकार, वजन आणि भारत स्टेजचा टप्पा असतो. मंजुरीच्या चाचणीत प्रत्येक मॉडेलचा कार्बनचा आकडा मोजला जातो, पण नोंदणी प्रमाणपत्रावर त्यासाठी रकाना नाही.